मेंदूच्या गाठीचा तुकडा कोकणातून परळला नेताना

मेंदूच्या बायोप्सीत निघालेला तुकडा अनेकदा उकड्या तांदळाच्या दाण्याएवढा असतो. सुईने काढलेला असला तर कणीएवढाच. रेडिएशन द्यायचं की नाही, केमोथेरपी कुठली, मुळात ही गाठ कॅन्सरची आहे की क्षयाची, हे सगळं त्या दाण्यावर ठरतं. तो खराब झाला आणि पुन्हा काढायचा म्हटलं, तर कवटी पुन्हा उघडावी लागते.

कोकणातल्या पेशंटच्या बाबतीत हा दाणा बराच प्रवास करतो. ऑपरेशन रत्नागिरीत, कोल्हापुरात किंवा गोव्यात बांबोळीला होतं, तपासणी जवळच्या लॅबमध्ये, आणि गाठ दुर्मीळ निघाली की मुंबईत परळचं टाटा मेमोरिअल हे कॅन्सरचं हॉस्पिटल गाठावं लागतं. मेंदूच्या गाठींचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. त्यातले बरेच असे, की जिल्ह्याच्या गावात काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या, म्हणजे तुकडा तपासून निदान लिहिणाऱ्या डॉक्टरच्या, टेबलावर अख्ख्या कारकिर्दीत एखाददुसऱ्या वेळीच येतात. तेव्हा दुसरं मत मागण्यात कुणाचा अपमान नाही. चांगला पॅथॉलॉजिस्ट रिपोर्टच्या तळाला स्वतःच तसं लिहून देतो.

पुढचं काही घरच्या माणसांसाठी आहे, आणि काही छोट्या हॉस्पिटलच्या थिएटरात बरणी हातात धरणाऱ्या सिस्टर आणि टेक्निशियनसाठी.

कवटी उघडण्याआधी

काही गाठींचं निदान चाकू न लावता होतं, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं.

लहान मुलाला किंवा तरुण पेशंटला मेंदूच्या मधोमध, पिनिअल ग्रंथीच्या जागी किंवा मेंदूच्या तळाच्या पिट्युटरी ग्रंथीच्या वर गाठ असेल, तर आधी रक्तातलं एएफपी आणि बीटा-एचसीजी, म्हणजे काही गाठी रक्तात सोडतात ती प्रथिनं, तपासून घ्या. धोका नसेल तर पाठीतलं पाणी काढून त्यातही तपासतात. हे आकडे स्पष्ट वाढलेले असले, तर जर्म सेल ट्यूमरचं, म्हणजे बीजपेशींपासून होणाऱ्या गाठीचं, निदान बायोप्सीशिवाय होतं आणि थेट केमोथेरपी सुरू करता येते.

पिट्युटरीच्या गाठीत प्रोलॅक्टिन हे हार्मोन तपासल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसते. इथे एक फसगत होते. गाठ फार मोठी असली तर रक्तात प्रोलॅक्टिन इतकं असतं की मशीनची मोजणीच कोलमडते आणि आकडा खोटा, कमी येतो. चार सेंटिमीटरची गाठ आणि प्रोलॅक्टिन जेमतेम वाढलेलं, असं दिसलं तर तोच नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा मोजायला लॅबला सांगावं.

डेक्सामेथासोनबद्दल जरा थांबून सांगायला हवं. मेंदूला सूज दिसली की हे स्टिरॉइड लगेच सुरू होतं, आणि बहुतेक गाठींत ते बरोबरच आहे. पण एमआरआय पाहून मेंदूतल्या लिम्फोमाची, म्हणजे लसीका पेशींच्या कॅन्सरची, शंका असेल, तर बायोप्सीआधी स्टिरॉइड दिल्याने गाठीतल्या पेशी मरून जातात, गाठ काही दिवसांत विरघळल्यासारखी दिसते, आणि बायोप्सीत नुसती मेलेली पेशीजाळी येते. काही महिन्यांनी गाठ पुन्हा उभी राहते आणि मधला वेळ फुकट जातो. म्हणून पेशंट स्थिर असेल तर डॉक्टरांना थेट विचारा, ‘लिम्फोमाची शंका आहे का? मग स्टिरॉइड बायोप्सीनंतर देता येईल का?’ पेशंट गुंगीत जात असेल तर मात्र जीव आधी, निदान नंतर. आणि सुरू असलेलं स्टिरॉइड घरच्या घरी एकदम बंद करायचं नाही.

आपल्याकडे एमआरआयमध्ये शिरेतून दिलेल्या औषधाने (कॉन्ट्रास्टने) चमकणारी प्रत्येक गोल गाठ ट्यूमर नसते. क्षयाची गाठ आणि मेंदूतला पट्टकृमीचा फोड, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, हे दोन्ही एमआरआयवर कड चमकणाऱ्या गाठीसारखेच दिसतात. एकच, २० मिलिमीटरपेक्षा लहान, गोलसर फोड, आत ठिपक्यासारखं कृमीचं डोकं, आणि फिट आलेला पण एरवी धडधाकट पेशंट, असं चित्र असेल तर कल कृमीकडे जातो. मोठी, वेडीवाकडी, सूज घेऊन मधली रेषा ढकलणारी गाठ असेल तर क्षय किंवा ट्यूमर. एमआरआयच्या डिफ्यूजन नावाच्या चित्रात आतला भाग ठळक उजळ दिसला तर पू भरलेला असण्याची शक्यता मोठी. कड पूर्ण गोल न चमकता एका बाजूला उघडी असेल, तर मज्जावेष्टण, म्हणजे चेतातंतूंवरचं आवरण, झडण्याचा आजारही ट्यूमरचं सोंग घेतो. म्हणून एमआरआय कॉन्ट्रास्टसह करा, आणि त्यात डिफ्यूजन आणि सूक्ष्म रक्तस्राव दाखवणारी एसडब्ल्यूआय ही दोन्ही चित्रं असू देत. मुलांमधल्या लहान मेंदूच्या (सेरेबेलमच्या) गाठीत पाठीच्या कण्याचा एमआरआयही ऑपरेशनआधीच करावा. ऑपरेशननंतर झिरपलेलं रक्त कण्यात उतरतं आणि पसरलेल्या ट्यूमरसारखं दिसतं. पाठीतलं पाणी पेशींसाठी तपासायचं तर याच कारणाने ऑपरेशननंतर साधारण दोन आठवडे थांबतात.

आणि पेशंटची कातडी चांगल्या उजेडात बघा. दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग, मुलांत ५ मिलिमीटरपेक्षा आणि मोठ्यांत १५ मिलिमीटरपेक्षा मोठे, हे न्यूरोफायब्रोमॅटोसिस या जनुकीय आजाराकडे बोट दाखवतात. पानाच्या आकाराचे फिकट पांढरे डाग आणि लहानपणापासूनच्या फिट्स असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिस हा दुसरा जनुकीय आजार. हे कळलं की गाठीचा अंदाज बदलतो, आणि घरातल्या इतरांची तपासणीही ठरते.

थिएटरमधली बरणी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, तेही साध्या चुकांमुळे.

तुकडा टिकवायचं फॉर्मॅलिन १० टक्के, बफर केलेलं, म्हणजे आंबट होऊ नये म्हणून क्षार घातलेलं हवं. बाजारात मिळणारं कडक फॉर्मॅलिन ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचं असतं. ते १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम, असं एक लिटर तयार होतं. सामू साधारण ७. हवा खेळती ठेवून, हातमोजे घालून बनवायचं, कारण वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. कडक फॉर्मॅलिन तसंच ओतलं तर तुकड्याची साल कडक होते आणि आत द्रव नीट शिरत नाही. बफर न घालता नळाच्या पाण्यात पातळ केलं तर ते आंबट होत जातं, आणि रक्ताळलेल्या तुकड्यात काळपट तपकिरी कण बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते रोगाच्या रंगद्रव्यासारखे दिसून घोळ घालतात.

द्रव तुकड्याच्या किमान दहापट हवा. बरणी रुंद तोंडाची, लोणच्याच्या बरणीसारखी. अरुंद तोंडाच्या बाटलीत मऊ तुकडा आत जातो खरा, पण फॉर्मॅलिनने तो रबरासारखा घट्ट होतो आणि बाहेर काढताना फाटतो. सलाइनची रिकामी बाटली तर वापरूच नका.

मेंदूचा तुकडा कोरड्या गॉझवर ठेवू नये. गॉझ त्यातलं पाणी शोषतं, कडा वाळतात, आणि उचलताना धाग्याला चिकटून अर्धा तुकडा मागे राहतो. इतक्या लहान नमुन्यात अर्धा म्हणजे खूप झाला. तो सलाइनमध्ये तासन् तास बुडवूनही ठेवू नये, पेशी फुगतात आणि कुजायला लागतात. फ्रीझरमध्ये तर अजिबात नाही. बर्फाचे स्फटिक मेंदूत जाळीसारखी भोकं पाडतात, आणि मग ती भोकं गाठीची की बर्फाची हे कुणाला सांगता येत नाही.

ऑपरेशन चालू असताना तातडीचं उत्तर हवं असेल तर तुकडा ताजा, फॉर्मॅलिनशिवाय, सलाइनने जेमतेम ओलसर ठेवून लगेच पॅथॉलॉजिस्टकडे न्यायचा. ते त्यातला मिलिमीटरभर कण दोन स्लाइडमध्ये दाबून ओढतात आणि त्याच क्षणी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवतात. चार-पाच सेकंद हवेत राहिलं तरी केंद्रकं फुगलेली दिसतात आणि साधी गाठ भयंकर वाटू लागते. फ्रोझनसाठी, म्हणजे लॅबच्या मशीनवर गोठवून लगेच काप बघण्यासाठी, सगळाच तुकडा देऊ नका, निम्मा तरी थेट फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे.

क्षयाची शंका असेल तर एक कण निर्जंतुक नळीत, थोड्या निर्जंतुक सलाइनमध्ये, फॉर्मॅलिनचा थेंबही न लागू देता, कल्चर आणि जीनएक्स्पर्ट या क्षयाच्या जंतूच्या झटपट तपासणीसाठी वेगळा पाठवा. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरमध्ये काही उगवत नाही. हा निर्णय ऑपरेशनच्या आदल्या दिवशी व्हायला हवा, कारण टेबलावर आठवत नाही. ‘क्षयासाठी वेगळी नळी ठेवलीय का?’ एवढा प्रश्न नातेवाइकांनी विचारला तरी पुरेसं आहे.

लेबल बरणीच्या अंगावर लावा. झाकणावर लावलं तर लॅबमध्ये पाच झाकणं एकदम उघडली की अदलाबदल होते. नाव, वय, तारीख, वेळ, आणि मेंदूचा कुठला भाग, डावा की उजवा, हे सगळं त्यावर हवं. वेळ महत्त्वाची, कारण फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं, आणि इम्युनो तपासण्यांसाठी, म्हणजे अँटिबॉडीने ठरावीक प्रथिनं रंगवून बघण्यासाठी, किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तासांची मुदत चांगली मानतात. शुक्रवारी संध्याकाळचा तुकडा सोमवारी पोचला तर चालतं. गणपतीत मात्र हिशेब बिघडतो. चतुर्थीच्या आठवड्यात लॅबमधली माणसं गावी गेलेली असतात, कुरिअर बंद असतो आणि तुकडा आठ-दहा दिवस बरणीतच पडून राहतो. इतक्या दिवसांत डीएनए खराब होतो आणि पुढच्या जनुकीय तपासण्या हुकतात. त्या दिवसांत ऑपरेशन असेल तर लॅब उघडी आहे का, हे आधी फोन करून ठरवा.

सोबतच्या फॉर्मवर नुसतं ‘ब्रेन ट्यूमर’ लिहून भागत नाही. पेशंटचं वय, त्रास किती दिवसांचा, फिट्स आहेत का, गाठ नेमकी कुठे, चमकते की नाही, स्टिरॉइड किती दिवस चालू, आधी रेडिएशन झालंय का, घरात कुणाला असा आजार आहे का, हे लिहावं. चार वर्षांच्या मुलाच्या लहान मेंदूतली गाठ आणि पासष्टीच्या माणसाच्या कपाळामागची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली थोडी सारखी दिसली, तरी निदान वेगळं असतं, आणि ते वेगळं आहे हे वय आणि जागेवरून कळतं.

ब्लॉक कसा बनतो, कसा संपतो

लॅबमध्ये तुकडा जाळीदार प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये ठेवून, पाणी काढून, मेणात बसवतात. हाच ब्लॉक. हातात घेऊन पाहिलात तर पांढरट मेणात एक फिकट तपकिरी डाग दिसेल, तोच पेशंटचा तुकडा. त्याचे ३ ते ४ मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या कित्येक पट पातळ काप काढून स्लाइडवर घेतात. स्लाइडच्या घासलेल्या टोकावर नंबर पेन्सिलीने लिहावा, पेनची शाई अल्कोहोल आणि झायलीनमध्ये धुऊन जाते.

कणीएवढे तुकडे कॅसेटमधून निसटू नयेत म्हणून काही ठिकाणी निळा स्पंज घालतात. त्याने तुकड्यात त्रिकोणी भोकं पडतात. त्यापेक्षा भिंग पुसायच्या पातळ कागदात गुंडाळलेलं बरं.

आता मुख्य गोष्ट. ब्लॉक मशीनवर पुन्हा चढवला की सुताराने फळीला रंधा मारावा तसा वरचा थर आधी सपाट करावा लागतो, आणि तेवढा तुकडा वाया जातो. आज साधा रंग, परवा दोन इम्युनो, पुढच्या आठवड्यात आणखी चार, असं चार वेळा चढवलं की लहान ब्लॉक संपतो. जनुकीय तपासणीला काहीच उरत नाही. म्हणून गाठ वेगळी वाटली की पॅथॉलॉजिस्टला विनंती करा, एकाच बैठकीत दहा-पंधरा कोऱ्या, न रंगवलेल्या स्लाइड कापून ठेवा, त्याही चिकट लेप दिलेल्या काचेवर. साध्या काचेवरचे काप इम्युनोच्या गरम पाण्यात सुटून वाहून जातात. कोऱ्या स्लाइड फ्रिजमध्ये ठेवाव्या आणि काही आठवड्यांत वापराव्या. नंतर रंग फिका येतो आणि ‘निगेटिव्ह’ असा चुकीचा निकाल पडू शकतो.

कवटीच्या तळाची गाठ हाडासकट आली असेल तर आणखी एक सांगणं आहे. हाड मऊ करायला कडक आम्ल वापरलं की डीएनए नासतो. कॉर्डोमासारख्या हाडातल्या दुर्मीळ गाठीची शंका असेल तर मऊ भाग आधीच वेगळा काढून आम्लाविना ब्लॉक करावा, आणि हाडासाठी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरावं. ईडीटीएला दिवस जास्त लागतात, पण नमुना वाचतो.

पाकीट बांधताना

दुसऱ्या मतासाठी नुसता रिपोर्ट किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो उपयोगाचा नाही. रंगवलेल्या सगळ्या स्लाइड, झालेल्या इम्युनोच्या स्लाइड, ब्लॉक, सहीचा रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड, आणि एमआरआयची सीडी किंवा पेनड्राइव्ह, तीही मूळ फाइल्सची. ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा, दोन्ही एमआरआय द्या. कुठला ब्लॉक पाठवायचा हे पहिल्या पॅथॉलॉजिस्टलाच विचारा. ज्यात जिवंत ट्यूमर जास्त तो हवा, मेलेल्या भागाचा ब्लॉक नेऊन काही साधत नाही.

लॅबमधून ब्लॉक घेताना अर्ज, ओळखपत्र आणि पोच लागते. तिथेच काउंटरवर एकेक नंबर रिपोर्टशी ताडून बघा. ब्लॉकवर १२४८ आणि रिपोर्टवर १२८४ असेल तर परळच्या खिडकीवर ते पाकीट घेत नाहीत, आणि दुरुस्तीच्या पत्रासाठी कुणाला तरी पुन्हा सावंतवाडीपर्यंत यावं लागतं. नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतं का, हेही तेव्हाच बघा.

नुकत्या बनवलेल्या स्लाइडवरचा डिंक ओला असतो. एक दिवस वाळू द्या, नाहीतर त्या कागदाला चिकटतात. प्रत्येक स्लाइड प्लास्टिकच्या खाचांच्या डबीत, ती नसेल तर एकेक टिश्यू पेपरात गुंडाळून कडक खोक्यात. रबर बँडने गठ्ठा बांधला की मधली काच तडकते. ब्लॉक वेगळ्या पिशवीत ठेवा. मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड सहज तेवढा तापतो. पाकीट पायाशी, सावलीत ठेवा. बर्फाची गरज नाही, उलट ओल येते. पावसाळ्यात सगळं दोन झिप पिशव्यांत, आणि कागद त्याहून वेगळ्या पिशवीत.

शक्यतो पाकीट माणसाच्या हातीच पाठवा. घाटात दरड आली की एसटी आणि कुरिअर अडकतं, पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेही हळू धावते. सावंतवाडीहून निघणारी तुतारी एक्स्प्रेस सकाळी दादरला उतरवते, तिथून परळ जवळच. पाकीट वरच्या सामानाच्या फळीवर ठेवू नका, उशाशी घ्या. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या तिकिटात मोठी सवलत मिळते, स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्यालाही सवलत असते. त्याचा ठरलेला फॉर्म हॉस्पिटलकडून सही करून घ्यावा लागतो. ज्यांना लगेच जाणं जमत नाही त्यांनी टाटा मेमोरिअल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून रिपोर्टवर मत घ्यावं. स्लाइड पुन्हा तपासायच्या असतील तर मात्र ब्लॉक हलवावाच लागतो.

रिपोर्ट वाचताना

पहिली गैरसमजूत ग्रेडची. ग्रेड २ म्हणजे दुसरी स्टेज नव्हे. स्टेज म्हणजे रोग कुठवर पसरला, ग्रेड म्हणजे पेशींची चाल कशी. मेंदूच्या बहुतेक गाठींना स्टेज नसतेच. ग्रेड १ ते ४ असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणापासून ते रोमन आकड्यांऐवजी साध्या आकड्यांत लिहितात.

त्याच वर्गीकरणाने नावंही बदलली. पूर्वी गाठीचं नाव फक्त सूक्ष्मदर्शकावर ठरायचं, आता अनेक गाठींत जनुकीय बदल नावाचाच भाग आहे. आयडीएच हे असंच एक जनुक, आणि म्युटंट म्हणजे त्यात बदल झालेला. जुन्या रिपोर्टवर ‘अ‍ॅनाप्लास्टिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा’ किंवा ‘ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच म्युटंट’ असेल तर ते आता ‘अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच म्युटंट, ग्रेड ३ किंवा ४’ असं लिहिलं जातं. नाव बदललं म्हणून रोग वाढला असं समजू नका. उलट बाजूही आहे. मोठ्या माणसाची आयडीएच बदल नसलेली, विखुरलेली अ‍ॅस्ट्रोसायटिक गाठ काचेवर सौम्य दिसली, तरी तिच्यात टर्ट जनुकाच्या प्रमोटरचा बदल, ईजीएफआर जनुकाच्या प्रती वाढलेल्या, किंवा सातवं गुणसूत्र जास्त आणि दहावं कमी, यांतलं एक जरी सापडलं तरी ती ग्लायोब्लास्टोमाच, म्हणजे ग्रेड ४ ची गाठ, मानतात.

इम्युनोच्या ओळीत ‘एटीआरएक्स लॉस्ट’ दिसलं की काही नातेवाइकांना नमुनाच हरवला असं वाटतं. त्याचा अर्थ एवढाच, की ट्यूमरच्या केंद्रकांमध्ये त्या प्रथिनाचा रंग उरलेला नाही. आयडीएच बदल आहे आणि एटीआरएक्स गेलेलं आहे, तर गाठ अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आणि १पी/१९क्यू, म्हणजे पहिल्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्राचे ठरावीक भाग, यांची महागडी तपासणी करायची गरज राहत नाही. एटीआरएक्स टिकून असेल तर ती तपासणी हवीच, कारण दोन्ही भाग एकत्र गळालेले असले तर ती ऑलिगोडेंड्रोग्लायोमा ठरते, आणि तिची चाल बरीच संथ असते. आयडीएच इम्युनो निगेटिव्ह आली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. ती फक्त सगळ्यात नेहमीचा बदल पकडते, आयडीएचच्या बदलांपैकी सुमारे ९० टक्के. पेशंट ५५ वर्षांखालचा असेल तर जनुक वाचून खात्री करतात.

केआय-६७ चा टक्का म्हणजे वाढत्या पेशींचं प्रमाण. सगळ्यात दाट जागा निवडून तो मोजतात, त्यामुळे एका लॅबचा ८ दुसरीकडे १२ होऊ शकतो. तेवढ्यावर घाबरू नका, तेवढ्यावर निर्धास्तही होऊ नका.

दुर्मीळ गाठींत एखादा मार्कर सगळं चित्र पालटतो. तान्ह्या मुलाच्या लहान मेंदूतल्या गाठीला मेडुलोब्लास्टोमा (मुलांतली तिथली नेहमीची घातक गाठ) म्हटलं असेल आणि आयएनआय-१ या प्रथिनाचा रंग केलाच नसेल, तर तो मागून घ्या. तो रंग गेलेला असला तर गाठ एटीआरटी, म्हणजे तान्ह्या मुलांतली दुसरीच आक्रमक गाठ, आणि उपचार पूर्ण वेगळे. मेंदूच्या खोडात किंवा मधोमध पसरलेल्या गाठीत एच३ के२७एम हा जनुकीय बदल बघतात. तो बदल असेल तर काचेवर गाठ कितीही शांत दिसो, ग्रेड ४. मेंदूच्या पोकळीतली, पेशी अंड्याच्या बलकासारख्या गोल दिसणारी गाठ ऑलिगोडेंड्रोग्लायोमा वाटते, पण सिनॅप्टोफायसिन या प्रथिनाचा रंग चढला तर ती सेंट्रल न्यूरोसायटोमा. मेनिंजिओमासारख्या, म्हणजे मेंदूच्या आवरणातल्या गाठीसारख्या, दिसणाऱ्या रक्ताळ गाठीत केंद्रकांत स्टॅट-६ चा रंग चढला तर सॉलिटरी फायब्रस ट्यूमर, जी बऱ्याच वर्षांनीही परत येते, लांबच्या अवयवांतही जाते, म्हणून तिची तपासणी दहा वर्षांनंतरही सोडायची नाही. पॅपिलरी क्रॅनिओफॅरिंजिओमा आणि प्लिओमॉर्फिक झँथोअ‍ॅस्ट्रोसायटोमात बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकीय बदल बघाच, कारण त्या बदलावर नेम धरणारी औषधं आहेत.

नावाच्या शेवटी दोन प्रकारची अक्षरं येतात. ‘एनओएस’ म्हणजे लागणाऱ्या तपासण्या झाल्या नाहीत किंवा जमल्या नाहीत. अशा वेळी ब्लॉक घेऊन जिथे त्या होतात तिथे जायचं. ‘एनईसी’ म्हणजे तपासण्या झाल्या, पण गाठ ओळखीच्या कुठल्याच खणात बसत नाही. इथे तीच तपासणी पुन्हा करून पैसे घालवू नका. डीएनए मेथिलेशनची तपासणी आणि मेंदूच्याच गाठी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत, हा पुढचा रस्ता. त्या तपासणीत गाठीच्या डीएनएवरच्या खुणा हजारो ओळखीच्या गाठींशी ताडून बघतात. हे काम जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. तिला ब्लॉकमध्ये पुरेसा जिवंत ट्यूमर लागतो, आणि मघाचा रंध्याचा हिशेब इथे कामी येतो.

दोन रिपोर्ट वेगळे आले तर दोन्ही लपवू नका. दोन्ही एकत्र ठेवून विचारा, ‘फरक कशामुळे पडला? ब्लॉक वेगळा होता, की तपासणी, की मत?’ बऱ्याचदा उत्तर पहिल्या दोनांतच निघतं.

गाठ नसते तेव्हा

तरुण मुलगी काही दिवसांत असंबद्ध बोलू लागते, झोपत नाही, तोंडाच्या विचित्र हालचाली करते, मग फिट्स येतात. घरात ‘बाहेरचं’ म्हणतात, देवळात कौल लावतात. गाऱ्हाणं घालायचं तर घाला, पण त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टकडेही न्या. मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टर या प्रथिनाविरुद्ध शरीरानेच बनवलेल्या अँटिबॉडीमुळे होणारा हा मेंदूचा दाह ओळखला तर बरा होतो, आणि उपचाराला उशीर झाला की नुकसान वाढतं. एमआरआय अगदी नॉर्मल असू शकतो. अँटिबॉडी रक्तात आणि पाठीच्या पाण्यात दोन्हीकडे तपासा, नुसत्या रक्तावर ती सुटू शकते. नमुने इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे शिरेतून देतात तो अँटिबॉडींचा उपचार, देण्याआधी काढावे आणि २ ते ८ अंशांत ठेवून पाठवावे. आणि बीजांडकोशाची तपासणी करा. तिथे टेराटोमा नावाची गाठ सापडली तर ती काढणं हाच उपचाराचा मोठा भाग आहे.

दुसरं टोक म्हणजे काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारा विसरभोळेपणा, तोल जाणं, दचकल्यासारखे झटके. क्रॉइट्झफेल्ड-याकोब आजाराची शंका असेल तर लॅब आणि थिएटर दोघांनाही नमुना पोचण्याआधी कळवलंच पाहिजे. हा आजार प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, आणि फॉर्मॅलिन किंवा नेहमीचं ऑटोक्लेव्ह (वाफेचं निर्जंतुकीकरण) त्याला मारत नाही. फॉर्मॅलिनमध्ये पक्का झालेला तुकडा एक तास ९५ टक्क्यांहून कडक फॉर्मिक आम्लात ठेवून मगच ब्लॉक करतात. बायोप्सी इथे शेवटचा पर्याय. आधी डिफ्यूजन एमआरआय, ईईजी आणि पाठीच्या पाण्यातलं प्रायॉन शोधणारी आरटी-क्विक तपासणी.

मृत्यूनंतर घरच्यांना नेमकं कारण कळावं असं वाटत असेल, किंवा मेंदू संशोधनाला द्यायचा असेल, तर बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. त्यासाठी आधी बोलणं हवं, कारण त्या घडीला तास मोजके असतात. जिल्ह्यातच शवविच्छेदन होणार असेल तर अख्खा मेंदू बादलीत सोडून देऊ नये, तो तळाला टेकून चपटा होतो. तळाच्या बेसिलर धमनीखालून दोरा ओवून भरपूर फॉर्मॅलिनमध्ये लटकता ठेवावा, आणि किमान दोन आठवडे हात लावू नये.

ब्लॉक परत आल्यावर

परळहून ब्लॉक आणि स्लाइड परत मागून घ्या. त्यांच्या रिपोर्टवरचा नवा नंबर आणि जुन्या लॅबचा नंबर एकाच कागदावर लिहून ठेवा, कारण पाच वर्षांनी गाठ परतली तर जुन्याशी ताडून बघावं लागतं. शक्य असेल तर ब्लॉक मूळ लॅबमध्येच जमा करून पोच घ्या. घरी ठेवायचा झाला तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, चुलीपासून आणि कौलाखालच्या तापणाऱ्या माळ्यापासून लांब. आपल्याकडच्या दमट हवेत एका पावसाळ्यात स्लाइडच्या कडेने बुरशी चढते आणि कागदी लेबलं सुटून पडतात. दर मे महिन्यात डबा उघडून पुड्या बदला, आणि प्रत्येक ब्लॉकच्या कडेवरचा नंबर अजून वाचता येतो का, हे बघून पुन्हा बंद करा.